आत्याचा कच्चा पाय

माझी आत्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा कुंडी फुटली. यात कुंडीची काही चूक नव्हती. कुंडी आपल्या जागी होती. आत्या मागे मागे येत होती.

परीक्षेच्या मैदानात एक छोटा चढ बांधलेला आहे. त्याच्या मधोमध गाडी थांबवायची, हँडब्रेकला हात लावायचा नाही, नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी धरून ठेवायची आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी दहापर्यंत आकडे मोजायचे. पहिल्या वेळी साहेब सातवर पोचले तेव्हा गाडी हळूहळू मागे सरकायला लागली आणि चढाच्या पायथ्याशी शोभेसाठी ठेवलेल्या कुंडीवर गेली. दुसऱ्या वेळी कुंडी नवीन होती आणि साहेब सहावर होते. दोन्ही कागदांवर शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी एकाच शाईनं दोनच शब्द लिहिले: 'पाय कच्चा'.

आता दुसऱ्या कुणाला हे लिहिलं असतं तर चाललं असतं. मला लिहिलं असतं तर मी फ्रेम करून लावलं असतं. पण आत्या शिंपीण आहे. तीस वर्षं तिचा उजवा पाय शिलाई मशीनच्या पेडलवर आहे. तो किती दाबला की सुई किती टाके घालते, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगेल. रेशमाला किती पाय, जाड कापडाला किती, सगळं त्या पायात लिहून ठेवलेलं आहे. अशा पायाला कच्चा म्हणणं म्हणजे सोनाराला तुमचा तराजू जरा अंदाजे आहे म्हणण्यासारखं. आत्यानं दोन्ही कागद मशीनसमोरच्या भिंतीला टाचणीनं लावले आणि आठवडाभर सगळ्या गिऱ्हाइकांच्या बाह्या जरा जास्तच घट्ट शिवल्या.

"गाडीत काहीतरी आहे दादा," ती बाबांना म्हणाली. "पाय दाबून धरला की पेडल खाली खाली जातं. पार तळाला टेकतं."

"गाडीत तू आहेस," बाबा म्हणाले. "तेवढंच."

बाबा तिचे मोठे भाऊ. शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे उत्तर आधी काढून ठेवतात आणि गणित नंतर बघतात. गाडी त्यांची. वीस वर्षं जुनी, रंग पूर्वी निळा होता असं म्हणतात. बाबांनी जेवताना जाहीर केलं: तिसऱ्यांदा पास झालीस तर गाडी तुझी, नापास झालीस तर भंगारवाल्याची. भंगारवाला दुसऱ्याच दिवशी आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेटवर टकटक करून बघितलं आणि जाताना तिच्याकडे असा बघत गेला की मुलगी बघायला आलेला वाटावा. बाबांनी त्याला परीक्षेच्याच दिवसाची वेळ दिली. संध्याकाळी पाच. परीक्षा चारची.

आत्याला गाडी कशाला हवी होती, तर गावाबाहेरच्या एका शाळेचे गणवेश शिवायचं काम तिला मिळालं होतं. तीनशे पोरांची मापं घ्यायची, कपडे न्यायचे, आणायचे, पुन्हा न्यायचे. बसवाल्यानं एकदा तिचं गाठोडं बघून विचारलं होतं, "यांचं तिकीट?"

राहिली मी. तिला गाडी शिकवली मी. सांगायला संकोच वाटतो, पण शिकवण्याची माझी एकमेव पात्रता अशी की मी पहिल्या फटक्यात पास झाले, कारण त्या दिवशी साहेबांना शिंका येत होत्या आणि चढावर त्यांचे डोळे मिटलेले होते. मी आत्याला पुस्तकातलं वाक्य पाठ करून दिलं: ब्रेक असा दाबावा की शेजारी बसलेल्याला गाडी कधी थांबली हे कळू नये. मी स्वतः असा ब्रेक आयुष्यात दाबलेला नाही. आमच्या घराण्यात ब्रेक दाबत नाहीत, ब्रेकवर उभे राहतात. बाबांच्या गाडीत बसलेला माणूस उतरताना कपाळ चोळतो. पण आत्यानं ते वाक्य मनावर घेतलं. ती इतकी अलगद थांबायची की एकदा मी गाडी थांबल्यावरही पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत प्रवास करत होते.

त्या चार महिन्यांत ती मला निदान वीसदा म्हणाली असेल, "अगं, पाय खाली जातो." आणि वीसही वेळा मी म्हणाले, "तुला वाटतं तसं."

*

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहाला आत्यानं आम्हाला दोघांना गॅरेजमध्ये नेलं. नेलं म्हणजे गाडी बाबांनी चालवली आणि आम्ही कपाळं चोळत उतरलो.

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. तो स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ऐकतो, म्हणून. शंभर किलोचा माणूस, पायात लोखंडी टोपीचे बूट, आणि बोलताना गाडीकडे बघतो, माणसाकडे नाही.

"काय त्रास होतोय?" त्यानं गाडीला विचारलं.

"ब्रेकचं पेडल तळाला जातं," आत्या म्हणाली.

डॉक्टर आत बसला. गाडी एका बाजूला कलली. त्यानं बूट उचलला आणि पेडलवर असा हाणला की मागच्या सीटवर ठेवलेली माझी पिशवी पुढे आली.

"दगड आहे दगड," तो म्हणाला. "हा ब्रेक तुमच्या-माझ्या मागे राहील."

तरी त्यानं काम प्रामाणिकपणे केलं, हे सांगायला हवं. बॉनेट उघडून ब्रेक ऑईलची टाकी बघितली. काठोकाठ. "म्हणजे गळती नाही." चारी चाकं काढून आतून हात फिरवून बोटं दाखवली. कोरडी. ब्रेकच्या नळ्या वाकवून, दाबून बघितल्या. ठणठणीत. मग बाबांना आत बसवून पेडल हाणायला लावलं आणि स्वतः चाकापाशी बसून एकेक बोल्ट ढिला करत आत हवा अडकली आहे का ते तपासलं. बुडबुडा म्हणून नाही. बाबांनी मधल्या वेळात एवढ्या उत्साहानं पेडल हाणलं की मला त्यांची शाळेतली सगळी वर्षं दिसली.

"रिपोर्ट नॉर्मल," डॉक्टर हात पुसत म्हणाला.

"मी बसते," आत्या म्हणाली. तिनं चपला काढल्या, आत बसली, पाय ठेवला. काहीच आवाज झाला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "हे बघा, टेकलं तळाला."

डॉक्टर वाकून बघेपर्यंत तिनं पाय काढला होता. तो बसला, हाणला. दगड. बाबा बसले, हाणला. दगड. मी बसले, हाणला. दगड. आत्या बसली. टेकलं.

डॉक्टरनं आता पहिल्यांदाच माणसाकडे बघितलं. आत्याच्या पायाकडे, मग चपलांकडे. एक चप्पल उचलून तळ वाकवून पाहिला.

"ताई, वजन किती तुमचं?"

"सेहेचाळीस."

"मग बरोबर," डॉक्टर समजूतदारपणे बाबांना म्हणाला. "गाडीला कळतच नाही कुणी बसलंय ते."

"मी हेच म्हणत होतो," बाबा म्हणाले. ते हे कधीच म्हणाले नव्हते. "हिला जड बूट घाला. नाहीतर पायाला एखादी वीट बांधा."

"वीट चालेल," डॉक्टर विचार करून म्हणाला. "पण अर्धी. पूर्ण वीट क्लचला लागेल."

आणि खरंच, ते दोघं अर्धी वीट कुठे मिळेल याची चर्चा करू लागले. गॅरेजच्या मागे भिंतीचं काम चाललं होतं. बाबा बघायलाही गेले. मी तिथे उभी होते आणि मीसुद्धा गप्प होते, हे नोंदवून ठेवते. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते.

आत्यानं गळ्यातली टेप काढली.

डॉक्टरला वाटलं, ती त्याच्या पॅंटचं माप घेतेय. तो पोट आत घेऊन उभा राहिला. पण आत्यानं टेपचं एक टोक गाडीच्या तळाला धरलं, दुसरं पेडलला, आणि मला म्हणाली, "तू वाच." मग तिनं मशीनवर मलमल घेतल्यासारखा पाय ठेवला.

"साडेचार इंच," मी वाचलं. "साडेचार. सव्वाचार. चार. आत्या, तू दाबतेयस?"

"पाय आहे तिथेच आहे. तेवढाच जोर. पुढचं वाच."

"साडेतीन. तीन. दोन. एक. टेकलं."

"डॉक्टर," आत्या म्हणाली, "आता तुम्ही दाबा. हळू."

डॉक्टर बसला. "हे घ्या, हळू," म्हणाला आणि हाणला. टेप माझ्या हातातून उडाली.

"याहून हळू."

पुन्हा तेच. त्याचा चेहरा अगदी हळू होता, पाय नव्हता. पंचवीस वर्षं त्या पायानं गंजलेले बोल्ट लाथेनं सोडवले होते. त्याला हळू म्हणजे काय हे सांगायला भाषाच नव्हती. बाबांचंही तेच. अर्ध्या विटेसह परत आलेले बाबा बसले, डोळे मिटले, श्वास रोखला आणि पेडलवर शाळेची घंटा वाजवली.

आत्यानं एक सुस्कारा सोडला. तिच्या डाव्या मनगटावर टाचण्यांची छोटी उशी असते, इलॅस्टिकनं बसवलेली. अंघोळ सोडली तर ती कधी काढत नाही. ती तिनं काढली. सगळ्या टाचण्या उपसून तोंडात धरल्या आणि त्यातल्या सात-आठ, टोकं वर येतील अशा, उशीत खालून खोचल्या. मग ती उशी ब्रेकच्या पेडलवर ठेवली आणि इलॅस्टिक मागून ओढून पक्की बसवली.

"दादा, चप्पल काढ," ती तोंडातल्या टाचण्यांमधून म्हणाली. "ये."

"हा पोरखेळ आहे."

"मग तुला जमेल."

बाबा बसले. सवय मोठी वाईट असते. त्यांनी जो आवाज काढला, त्यानं समोरच्या चहावाल्यानं कप खाली ठेवला. बाबा एका पायावर बाहेर आले आणि स्वतःच आणलेल्या अर्ध्या विटेवर बसले. गणिताच्या शिक्षकाचं उत्तर चुकलं की असंच होतं.

"डॉक्टर," आत्या म्हणाली.

"ताई, माझे बूट..."

"काढा."

डॉक्टरचे बूट निघाले. आत मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. पहिल्या खेपेला त्याचा पाय टाचण्यांच्या वर एक वीत थांबला, थरथरला आणि परत आला. दुसऱ्या खेपेला टोचलं. त्यानं आईचं नाव घेतलं आणि आत्याकडे बघून अर्ध्यातच आवरलं. तिसऱ्या खेपेला शंभर किलोचा तो माणूस अंगठा आणि बाकीची बोटं वर उचलून, फक्त चवडा टेकवून, तान्ह्या पोराच्या टाळूवर हात ठेवतात तसा पाय ठेवून बसला. गॅरेजमध्ये फक्त माझा आवाज होता.

"चार," मी वाचत होते. "साडेतीन. तीन."

"मी दाबत नाहीये," डॉक्टर कुजबुजला.

"दोन."

"आईशप्पथ, मी दाबत नाहीये!"

"टेकलं."

डॉक्टरनं पाय अलगद उचलला. मग म्हणाला, "मला बसू दे जरा." तो बसलेलाच होता.

मग मी बसले. मलाही टोचलं, आणि ते योग्यच होतं. पण दुसऱ्या वेळी पाय ठरला, आणि खालून कुणीतरी अगदी सावकाश, अगदी आदबीनं माझा पाय ओढून घेतंय असं वाटलं. आत्या चार महिने हेच सांगत होती. "तुला वाटतं तसं," हे माझंच वाक्य माझ्या कानात वीस वेळा वाजलं.

"मास्टर सिलिंडर," डॉक्टर म्हणाला. त्यानं बॉनेटखालच्या एका नळकांड्यावर हात ठेवला आणि आत्याकडे बघून, फक्त आत्याकडे बघून, समजावून सांगितलं. पेडल दाबलं की यातला दट्ट्या ऑईल चाकांकडे रेटतो. दट्ट्याला रबरी कड्या असतात. त्या झिजल्यात. जोरात हाणलं की कड्या फुगून भिंतीला चिकटतात, ऑईल अडतं, ब्रेक दगड. हळू दाबून धरलं की ऑईल कडेनं गुपचूप मागे निसटतं आणि पुन्हा टाकीत जातं. म्हणून बाहेर थेंब नाही, टाकी भरलेली, चाकं कोरडी.

"म्हणजे दोऱ्याचा ताण गेलाय," आत्या म्हणाली. "झटका दिला की धरतो, सावकाश ओढला की सुटतो."

डॉक्टरनं बॉनेट खाली घेतलं. "अहो ताई, मी पंचवीस वर्षं हे काम करतोय आणि मला हे असं सांगता आलं नसतं."

"गाडीत काहीतरी होतं, दादा," आत्या म्हणाली.

बाबा तळपाय बघत होते. "होतं," ते तळपायाला म्हणाले.

*

पण बरोबर ठरून कुणी पास होत नाही. घड्याळात दीड वाजला होता आणि नवीन सिलिंडर उद्याशिवाय मिळणार नव्हता. परीक्षा चारला. आज गेलो नाही तर पुढची तारीख तीन महिन्यांनी, गणवेश पुढच्या महिन्यात आणि भंगारवाला पाचला.

"माझी गाडी न्या," डॉक्टर म्हणाला.

डॉक्टरची गाडी म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा छोटा ट्रक, मागे आकडा आणि साखळ्या. आत्यानं त्यात बसून दोन तास गॅरेजच्या अंगणात पुढे-मागे केलं. मी शेजारी बसून काही शिकवलं नाही. आमची गाडी मात्र ट्रकच्या मागे आकड्याला, पुढची चाकं वर उचलून, अडकवली. कारण परीक्षेनंतर ती घरीच न्यायची होती, आणि डॉक्टरच्या मते पेशंटला एकटं ठेवणं बरं नाही.

चारला पाच कमी असताना आम्ही मैदानात पोचलो. साहेबांनी लांबून आत्याला ओळखलं आणि उठून कुंडी हलवली.

"हे काय आणलंत?" ते म्हणाले.

"गाडी, साहेब."

"आणि मागे?"

"मागे नापास झालेली गाडी, साहेब."

"ती सोडवा आधी."

"सोडली तर घसरेल," डॉक्टर म्हणाला. "तिला ब्रेक नाही."

साहेबांना हा प्रकार मान्य नव्हता. गाडीला दोष आहे हेही मान्य नव्हतं. ते स्वतः आमच्या लटकलेल्या गाडीत तिरके बसले, बूट हाणला आणि म्हणाले, "दगड आहे हो हा ब्रेक!"

आत्यानं मनगटावरची उशी काढली. साहेबांनी उशीकडे बघितलं. मग लंगडणाऱ्या बाबांकडे बघितलं. मग लंगडणाऱ्या डॉक्टरकडे. मी पण सोयीसाठी थोडी लंगडले.

"राहू दे," साहेब म्हणाले. "विश्वास ठेवतो. पण चढावर मी आत बसणार नाही, बाहेरून मोजणार."

आत्या ट्रक घेऊन चढावर गेली. ट्रक, साखळ्या, आकडा आणि मागे तोंड वर करून आमची निळी म्हणतात ती गाडी. सगळी वरात मधोमध थांबली. कधी थांबली ते मला कळलं नाही. साखळीसुद्धा वाजली नाही. पायथ्याशी बाबा, डॉक्टर आणि मी उभे होतो, आधी कुंडी होती तिथेच.

"एक," साहेब म्हणाले. "दोन."

सातला बाबांनी माझा हात धरला. बाबा हात धरणारे नाहीत. आठला ते पुटपुटले, "धर गं छोटी." आत्याला छोटी म्हणायचं त्यांनी ती चाळीशीची झाली तेव्हा सोडलं होतं.

"नऊ. दहा."

ट्रक इंचभर हलला नाही. साहेब थांबले नाहीत. त्यांनाही बघायचं होतं बहुतेक. "अकरा. बारा." ते मोजत गेले. तेवीसला त्यांच्या लक्षात आलं की मागे रांगेतले सगळे उमेदवार आपल्याबरोबर मोठ्यानं मोजताहेत, तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि कागद काढला.

शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं यावर ते जरा अडले. आत्या खिडकीतून म्हणाली, "आधीचं खोडलंत तरी चालेल, साहेब." आणि घरून आणलेले दोन्ही कागद पुढे केले, टाचण्यांसकट. साहेबांनी 'कच्चा' दोन्हीकडे खोडला, वर काही लिहिलं नाही. तिसऱ्या कागदावर नुसतं 'पास' लिहिलं. त्यामुळे आता आमच्या घरी भिंतीवर दोन सरकारी कागद आहेत, ज्यांवर साहेबांच्या सहीनिशी फक्त 'पाय' असं लिहिलेलं आहे.

*

पाचला भंगारवाला दारात उभा होता. आत्या ट्रक चालवत आली, शेजारी डॉक्टर बसलेला, मागे गाडी. आम्ही दोघं रिक्षानं आधीच पोचलो होतो.

"घेऊ का?" त्यानं बाबांना विचारलं.

"मला काय विचारता," बाबा म्हणाले. "गाडी तिची आहे."

तो एवढा हिरमुसला की आत्यानं त्याला उद्या यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरनं अंगणातच नवीन सिलिंडर बसवला, आणि तपासताना कुणी न सांगता बूट काढले. जुना सिलिंडर आत्यानं भंगारवाल्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो उलटासुलटा केला, दट्ट्यावर अंगठा ठेवून खटकन दाबला, खटकन सोडला.

"अहो," तो म्हणाला, "हा तर चांगला आहे की!"

बाबा, डॉक्टर आणि मी एकदम ओरडलो, "हळू दाबा!"